मदत हवी आहे: विमान विद्यार्थ्याचं, इन्स्ट्रक्टर फ्रीलान्स, मग विमा कोणता?

नमस्कार मंडळी. मी फ्रीलान्स फ्लाइट इन्स्ट्रक्टर, विद्यार्थ्याच्या स्वतःच्या विमानात त्याला उड्डाण शिकवायचं आहे. मालक म्हणतो, "माझी पॉलिसी आहे, पायलटच्या यादीत तुमचं नाव घातलंय." पण यादीत नाव असलं की फक्त मालकाचा विमा शाबूत राहतो, इन्स्ट्रक्टरला त्याने आपोआप संरक्षण मिळत नाही. लँडिंगला नोजव्हील (पुढचं चाक) दुमडलं आणि प्रॉपेलर धावपट्टीला घासला, तर इंजिन उघडून तपासण्याचा खर्चही येतो. विमा कंपनी तो मालकाला देईल आणि वसुलीला इन्स्ट्रक्टरच्या मागे लागू शकेल. म्हणून ॲडिशनल इन्शुअर्ड (मालकाच्या पॉलिसीत मलाही विमाधारक धरणं) आणि वेव्हर ऑफ सबरोगेशन (माझ्याकडून वसुलीचा हक्क कंपनीने सोडणं), दोन्ही एन्डॉर्समेंट, म्हणजे पॉलिसीला जोडलेली कलमं, लेखी मागितल्या आहेत. विमा असल्याच्या नुसत्या सर्टिफिकेटवर विसंबण्यात अर्थ नाही.

शिवाय स्वतःची नॉन-ओन्ड पॉलिसी (दुसऱ्याचं विमान उडवणाऱ्यासाठीचा विमा) घ्यायची आहे. त्यात विमानाच्या नुकसानीची मर्यादा वेगळी असते. ती विमानाच्या पूर्ण किमतीइतकी घ्यावी, की वेव्हर हातात असेल तर मालकाच्या डिडक्टिबलपुरती (दाव्यातला मालकाने स्वतः सोसायचा हिस्सा) पुरे? प्रति प्रवासी उपमर्यादा असेल तर त्यात विद्यार्थी धरतात का?

खरी धास्ती सोलोची, म्हणजे विद्यार्थ्याच्या एकट्याच्या उड्डाणाची. सही करून सोडलेला विद्यार्थी काही महिन्यांनी आपटला, तरी "शिकवण्यात हलगर्जी" म्हणून दावा येऊ शकतो. क्लेम्स-मेड पॉलिसी (दावा येतो तेव्हा चालू असावी लागते ती) तोवर बंद केलेली असेल तर टेल कव्हरशिवाय (बंद झाल्यावर येणाऱ्या दाव्यांसाठीचं जादा संरक्षण) कंपनीचे हात वर! ऑकरन्स तत्त्वावरची (घटना घडली तेव्हा चालू असली की पुरे, अशी) कोणाला मिळाली आहे का?

शेवटचं: वकिलाचा खर्च पॉलिसीच्या रकमेच्या मर्यादेतूनच जातो की त्याबाहेर वेगळा मिळतो, आणि लायसन्सच्या चौकशीसाठी वेगळं कायदेशीर संरक्षण घेता का? ज्यांनी पॉलिसीची कलमं वाचली आहेत त्यांनीच सांगा, एजंटचं तोंडी आश्वासन नको.