कनिष्ठ न्यायालयांची मर्यादा वाढवली तर छोटे दावे परवडतील का?

डिचोली_वाचक: गोव्यातल्या आमच्या गावातल्या एका सुताराचे कामाचे ३८ हजार रुपये, ज्याच्या घराचं काम केलं त्या मालकाने अडकवलेत. कोटेशनवर मालकाची सही आहे, बाकी सगळं बोलणं व्हॉट्सॲपवर. वकिलाची फी भरून हातात काय उरणार, म्हणून तो गप्प बसलाय. कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशांचे अधिकार, म्हणजे ते किती रकमेपर्यंतचे दावे ऐकू शकतात ती मर्यादा, वाढवले तर अशा माणसाला फायदा होईल का? आणि आज त्याने काय करावं?

फोंडा_विधी: नुसती रकमेची मर्यादा वाढवून त्याला काही मिळणार नाही. एवढा छोटा दावा आजही कनिष्ठ स्तराकडेच जातो. पैसा मुरतो तो तारखांत आणि अपिलांत. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १०२ नुसार पैसेवसुलीच्या दाव्यात दुसरं अपील बंद आहे, पण फक्त २५ हजारांपर्यंत, आणि हा आकडा २००२ पासून तसाच आहे. म्हणजे कायद्याचा महत्त्वाचा मुद्दा काढता आला तर ३८ हजारांचं भांडणही पर्वरीला उच्च न्यायालयात जाऊ शकतं. हा आकडा दोन लाखांवर न्यायलाच हवा.

दुसरं, ग्राम न्यायालय कायदा २००८ वाचा. फी जास्तीत जास्त १०० रुपये, आधी समेटाचा प्रयत्न, पुराव्याच्या नियमांचा जाच नाही आणि निकालाला सहा महिन्यांची मुदत. अधिकार वाढवायचेच तर अशा पद्धतीचे वाढवा, आणि काणकोण-सत्तरीसकट प्रत्येक तालुक्यात.

म्हापसा_दिवाणी: आजचा मार्ग सांगतो. सही केलेलं कोटेशन हा लेखी करार आणि रक्कम ठरलेली, म्हणून दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३७ खाली संक्षिप्त, म्हणजे झटपट निकालाचा दावा लावता येतो. समन्स मिळाल्यापासून १० दिवसांत प्रतिवादी हजर झाला नाही तर हुकूमनामा (कोर्टाचा वसुलीचा निकाल, डिक्री) मागता येतो. हजर झाला तर त्याला बचावासाठी परवानगी मागावी लागते, त्यालाही १० दिवस. बचावात दम दिसला तर परवानगी मिळते आणि दावा नेहमीच्या वाटेला लागतो.

गाडी अडते ती बारीक गोष्टींत. दाव्याच्या क्रमांकाखाली ‘आदेश ३७ अन्वये’ असं लिहायचं राहतं. किंवा कोटेशनबाहेरच्या जादा कामाचे पैसे त्याच दाव्यात घातले जातात. ते चालत नाही. व्हॉट्सॲपचे नुसते प्रिंट पुरत नाहीत, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. त्यात भाग ‘ब’ तज्ज्ञाने भरायचा असतो. काम पूर्ण झाल्यापासून तीन वर्षांत दावा लावायला हवा. तोंडी ‘देतो, देतो’ने मुदत वाढत नाही, मुदत संपण्याआधी सहीनिशी लेखी कबुली घ्या.

डिचोली_वाचक: त्याआधी लोकअदालत?

फोंडा_विधी: जरूर. तालुका विधी सेवा समितीकडे दावापूर्व अर्ज द्या, फी नाही. तडजोड झाली की तो निवाडा हुकूमनाम्यासारखाच आणि त्यावर अपील नाही. मात्र हप्ता चुकला तर उरलेली पूर्ण रक्कम एकदम देय, हे वाक्य तडजोडीत घालून घ्याच. समोरचा आलाच नाही तर वेळ दवडू नका, आदेश ३७ आहेच. आणि दाव्याआधीच मालक कुठे नोकरी करतो, खातं कुठल्या बँकेत आहे, ते शोधून ठेवा. हुकूमनामा हातात असूनही वसुली तिथेच अडकते. पगारावर जप्ती आली तरी पहिले १००० रुपये आणि उरलेल्याचा दोन-तृतीयांश भाग सोडावा लागतो. तेवढा हिशेब धरूनच हप्ते ठरवा.