मदत हवी आहे: मिथिलीन ब्लूचा रंग उडतोय, पण रेणू खरंच तुटतोय का?

नमस्कार मंडळी. मी पुण्यात एमएस्सी रसायनशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्ट प्रकाश-उत्प्रेरकावर (प्रकाश पडला की पाण्यातले रंगाचे रेणू तोडायला मदत करणारा पदार्थ) आहे: झिंक ऑक्साइड आणि ग्राफिटिक कार्बन नायट्राइडचं नॅनोकॉम्पोझिट. कार्बन नायट्राइड युरियापासूनच करते, झाकणाच्या क्रुसिबलमध्ये 550 अंशांवर. हलकी पिवळी पूड मिळते. झिंक ऑक्साइडला अतिनील किरणंच लागतात. कार्बन नायट्राइडचा बँड गॅप (प्रकाशाने इलेक्ट्रॉन सुटायला लागणारी किमान ऊर्जा) 2.7 इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास, त्यामुळे ते 460 नॅनोमीटरपर्यंतचा निळा प्रकाशही घेतं. म्हणून ही जोडी.

तोडायचा रंग मिथिलीन ब्लू, द्रावण 10 पीपीएम (लिटरला 10 मिलिग्रॅम). अंधारात अर्धा तास ढवळून, शोषण स्थिरावलं की मगच गच्चीवर उन्हात ठेवते. दुपारी निळा रंग झपाट्याने उतरतो आणि 664 नॅनोमीटरचं (जिथे हा रंग सर्वाधिक प्रकाश शोषतो) रीडिंग शून्याजवळ येतं. इथवर छान.

पण पूर्ण स्पेक्ट्रम काढला की शिखर नुसतं खाली येत नाही, 650 च्याही खाली सरकतं. म्हणजे मिथिल गट एकेक करून गळताहेत आणि त्याचेच भाऊबंद अ‍ॅझ्युअर रंग तयार होताहेत, रेणूची मूळ कडी शाबूत आहे. फक्त 664 वर मोजलं तर हेही 'विघटन' म्हणून जमा होतं.

त्याहून कोड्यात टाकणारी गोष्ट वेगळीच. होल्स (इलेक्ट्रॉन सुटल्यावर उत्प्रेरकात मागे राहणाऱ्या धन जागा) अडवण्यासाठी त्यांना टिपणारं ईडीटीए हे रसायन घातलं. रंग जायचा वेग मंदावायला हवा होता, तो उलट वाढला. तोंडापर्यंत भरलेल्या त्या बंद बाटलीतलं पाणी नितळ झालं होतं. उत्प्रेरक सेंट्रीफ्यूजमध्ये बसवला, वरचं पाणी अर्ध्या रिकाम्या बाटलीत घेऊन हलवलं, तर ते पुन्हा निळं झालं! म्हणजे रंग मोडला नव्हता, क्षपण होऊन (इलेक्ट्रॉन मिळून) बिनरंगी ल्यूको रूपात गेला होता. हवेतला ऑक्सिजन मिळताच परतला. आता ईडीटीए नसलेल्या नमुन्यांवरही माझा पूर्ण विश्वास बसत नाही.

मी इचलकरंजीची. कापडावर प्रक्रिया करणाऱ्या कारखान्यांचं पाणी आणि पंचगंगा हा आमच्याकडे घरोघरचा विषय आहे. पाणी नुसतं नितळ दिसणं मला पुरेसं वाटत नाही.

आता नेमकं विचारते. 10 पीपीएम मिथिलीन ब्लूमध्ये सेंद्रिय कार्बन लिटरला जेमतेम 5-6 मिलिग्रॅम. एवढ्यावर सीओडीचा (सेंद्रिय पदार्थ ऑक्सिडाइझ करायला लागणारा ऑक्सिजन) डायक्रोमेट टायट्रेशनने काही भरवसा धरता येईल का, की टीओसीच (एकूण सेंद्रिय कार्बनची मोजणी) करावं लागेल? पुण्यात बाहेरच्या विद्यार्थ्यांचे नमुने टीओसीला कुठे घेतात, आणि एका नमुन्याला किती पाणी द्यावं लागतं? दुसरं, रंग स्वतःच प्रकाश शोषून उत्प्रेरकाला इलेक्ट्रॉन देतो का हे तपासायला 660 च्या लाल एलईडीखाली एक प्रयोग लावायचा विचार आहे. तिथे उत्प्रेरक प्रकाश घेणार नाही, रंग घेईल. हा कंट्रोल पुरेसा आहे, की बिनरंगी फिनॉलवर सगळं पुन्हा करू?

ज्यांनी हे हाताने केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा. स्पेक्ट्रमचे फोटो लागले तर टाकते.