गम चघळायचा कसा

सिगरेट सोडायला निकोटिनचा गम घेणाऱ्यांची तक्रार असते, 'गमने नुसत्या उचक्या लागतात, तलफ जात नाही'. बहुतेकदा चघळण्यात चूक असते. च्युइंगगमसारखा भराभर चावला की निकोटिन लाळेबरोबर पोटात जातं. तिथून फारसं लागू पडत नाही, उलट जळजळ आणि उचक्या. हळू चावा, जीभ चुरचुरली की गाल आणि हिरडीमध्ये दाबून ठेवा. चुरचुर गेली की पुन्हा दोनचारदा चावा. असं अर्धा तास. त्याआधी १५ मिनिटं आणि गम तोंडात असताना चहा-कॉफी नको, आम्लामुळे निकोटिन शोषलं जात नाही.

उठल्यापासून अर्ध्या तासात पहिली सिगरेट लागत असेल तर २ मिग्रॅ निकोटिनचा गम कमीच पडणार. ४ मिग्रॅसाठी डॉक्टरांची चिठ्ठी घ्या. सुरुवातीला तलफेची वाट न पाहता दर एक-दोन तासांनी घ्याच.