मदत हवी आहे: टाकीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) पडते, तरी शेवटच्या नळाला ओटी (पाण्यात क्लोरीन आहे का ते रंगाने दाखवणारी चाचणी) पिवळी का होत नाही?

आमचं गाव चिपळूण तालुक्यात. नदीकाठच्या विहिरीतून पंपाने ५० हजार लिटरच्या टाकीत पाणी चढतं, तिथून चार वाड्यांना. पाऊस लागल्यापासून पाणी गढूळ आहे आणि खालच्या वाडीत जुलाब-उलट्या सुरू झाल्यात. आरोग्य सेवकांनी ओटी टेस्ट केली. टाकीजवळच्या नळाला पिवळा रंग आला, खालच्या वाडीत काहीच नाही.

जलसुरक्षक म्हणतो, रोज पावडर टाकतो. खोटं बोलत नसावा, टाकीवर वास येतो. पण माप म्हणजे त्याची मूठ! ग्रामपंचायतीत विचारलं तर "गावाला हिरवं कार्ड आहे", म्हणजे पाण्याला धोका नाही, हे उत्तर. ते कार्ड पावसाआधीच्या सर्वेक्षणाचं, तेव्हा विहिरीचा तळ दिसत होता.

पावडर वाढवायला सांगू का? घरात तान्हं बाळ आहे, म्हणून धाकधूक.

प्रतिसाद १
नुसती वाढवू नका. हजार लिटरला ५ ग्रॅम धरतात, म्हणजे तुमच्या टाकीला पाव किलो. बादलीत कालवून चुना खाली बसू द्यायचा, वरची निवळी टाकीत ओतायची आणि अर्धा तास तरी पाणी सोडायचं नाही. गढूळ पाणी क्लोरीन खातं, त्यामुळे आधी तुरटी फिरवून गाळ बसवा.

पावडर कधीची आहे तेही बघा. ताज्या टीसीएलमध्ये साधारण ३३ टक्के क्लोरीन असतो, २० च्या खाली गेली की वापरायची नाही. ओलीत उघडी राहिली तर उरतो तो चुना.

आता मुख्य गोष्ट. टाकीशी पिवळं आणि टोकाला नाही, तर वाटेत कुठेतरी क्लोरीन संपतोय. वाडीगणिक ओटी करत खाली या. रंग जिथे गायब होईल, त्याच्या वर पाइप फुटलाय का ते शोधा. पाणी बंद झालं की फुटक्या जागेतून बाहेरची घाण आत ओढली जाते. टोकाच्या नळाला लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरायलाच हवा.

तोवर बाळाचं पाणी खळखळ उकळून घ्या. आशाताईंकडे मेडिक्लोर (घरच्या पाण्यात टाकायचं क्लोरीनचं द्रावण) मिळतं का विचारा.

मूळ प्रश्नकर्ता
धन्यवाद! गोणी पंपाच्या खोलीत उघडीच होती, आत ढेकळं. दुसऱ्या वाडीपर्यंत पिवळं येतं, पऱ्या (ओढा) ओलांडला की नाही. पाइप पऱ्यातूनच गेलाय. सरपंच म्हणतात, गणपतीनंतर बघू. पाणी तपासायला कुठे द्यायचं? बिसलेरीची बाटली चालेल?

प्रतिसाद २
नाही चालणार. जंतू तपासायला निर्जंतुक बाटली लागते, ती प्राथमिक आरोग्य केंद्रातून घ्या. नमुना खालच्या वाडीतल्या नळाचा, बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा. आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांना आजच लेखी कळवा, पोच घेऊन. साथीचं पत्र आलं की सरपंचांना गणपतीपर्यंत थांबता येणार नाही.