द्वेषाची मीम्स ओळखायचं काम यंत्राकडे द्यावं का?

नीरक्षीर
द्यावं, असं माझं ठाम मत. २०२० मध्ये फेसबुकने यावर स्पर्धा ठेवली होती. १०,००० मीम्स, १ लाख डॉलरची बक्षिसं. त्यात एकच ओळ एका चित्रावर विखारी आणि दुसऱ्यावर साधी ठरेल अशा जोड्या मुद्दाम घातल्या होत्या. माणसांची अचूकता सुमारे ८५ टक्के, विजेत्या मॉडेलची ७३ च्या आसपास. कमी आहे, मान्य. पण जून २०२३ मध्ये कोल्हापुरात स्टेटसवरून दगडफेक झाली, इंटरनेट बंद करावं लागलं. त्यापेक्षा ती चित्रं आधीच अडवलेली बरी.

गावकूस
साफ असहमत. व्हॉट्सॲपचे स्टेटस एन्क्रिप्टेड असतात, कंपनीच्या सर्व्हरला ते दिसतच नाहीत. अडवायचे तर प्रत्येकाच्या फोनमध्ये तपासनीस बसवावा लागेल. मग काय शोधायचं ते कोण ठरवणार? २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना एका फेसबुक पोस्टवरून अटक झाली होती. त्यात लावलेलं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ रद्द व्हायला २०१५ उजाडलं.

नीरक्षीर
फोनमधला तपासनीस मलाही नको. पण फेसबुक, इन्स्टाग्रामवर सगळं उघड्यावर चालतं, तिथे काय अडचण आहे?

निळी शाई
अडचण मराठीची आहे. पुण्याच्या एलथ्रीक्यूब या संशोधन गटाने २०२२ मध्ये यंत्राला द्वेष ओळखायला शिकवण्यासाठी 'महाहेट' हा २५,००० मराठी ट्विट्सचा संच काढला. मोलाचं काम आहे, पण तो नुसत्या मजकुराचा. मीममध्ये जात शब्दांत सापडत नाही. "टक्के किती पडले?" ही ओळ निकालाच्या दिवशी पेढ्यांच्या फोटोवर निर्मळ असते. तीच निळा गमछा घातलेल्या डॉक्टरच्या फोटोवर टाकली की कुणाला बोचते, ते आम्हाला लगेच कळतं. आणि तेच मीम "बघा, हे असं चालतं" म्हणून आम्ही पुढे टाकलं, तर यंत्र आमचीच पोस्ट उडवणार. म्हणून यंत्राने फक्त बोट दाखवावं. काढायचं की ठेवायचं, ते मराठी जाणणाऱ्या आणि जातीचे संकेत ओळखणाऱ्या माणसांनी ठरवावं.

नीरक्षीर
तुमचं उदाहरण पटलं. पण माणूस बघेपर्यंत मीम हजारो लोकांपर्यंत पोचलेलं असतं. निदान निर्णय होईपर्यंत त्याचा प्रसार तरी रोखायला नको का?

गावकूस
रोखा, पण ज्याची पोस्ट रोखली त्याला कारण मराठीत कळवा आणि दाद मागायची मुदत द्या. गुपचूप दाबून ठेवणं मला मान्य नाही.

निळी शाई
आणि ज्याच्यावर ते मीम केलंय, त्यालाही कळवा.