हार्वर्डचा निकाल: आपल्या मुलांना न्याय मिळाला का?

एडिसनची आई (एडिसन हे न्यू जर्सीतलं गाव): २९ जून २०२३ ला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठांना प्रवेश देताना वंश बघायला मनाई केली; कृष्णवर्णीयांसारख्या मागे राहिलेल्या गटांना झुकतं माप देण्यासाठी तो बघितला जायचा. मला निकाल पटला. खटल्यात बाहेर आलं ते वाचून पोटात कालवलं होतं. आशियाई मुलं अभ्यासात सरस, पण स्वभावाच्या, म्हणजे 'पर्सनल रेटिंग'च्या रकान्यात सरासरी सगळ्यात खाली! माझ्या लेकीला काउन्सेलरने सांगितलं, प्रवेश अर्जाच्या निबंधात भरतनाट्यम नको, फार इंडियन वाटतं. तिने पूर्ण लिहिलेली दोन पानं माझ्यासमोर फाडली. सोळा वर्षांच्या पोरीने स्वतःला लपवायचं?

बॉस्टनकर: ताई, लेकीचं दुखणं खरं आहे, पण राग भलत्यावर निघतोय. त्याच खटल्यातली आकडेवारी बघा. हार्वर्डने घेतलेल्या गोऱ्या मुलांपैकी ४३ टक्क्यांहून जास्त मुलं एक तर खेळाडू, नाहीतर माजी विद्यार्थ्यांची किंवा तिथल्या नोकरदारांची मुलं, नाहीतर डीनच्या खास यादीतली, म्हणजे बऱ्याचदा देणगीदारांच्या नात्यातली. त्या वाटेला कोर्टाने हातही लावला नाही. मिसिसिपी विद्यापीठात १९६२ साली जेम्स मेरेडिथ या एका कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला प्रवेश मिळावा म्हणून सैन्य आणावं लागलं होतं. आपल्याला इथं यायची दारं उघडली ती १९६५ च्या स्थलांतर कायद्याने, आणि त्यामागे कृष्णवर्णीयांच्याच नागरी हक्क चळवळीचं बळ होतं. निकालानंतरच्या पहिल्याच तुकडीत एमआयटीतली कृष्णवर्णीय मुलं १३ टक्क्यांवरून ५ वर आली.

एडिसनची आई: आणि आशियाई ४० वरून ४७ वर गेली, तेही सांगा ना. ही मुलं आधी लायक नव्हती का? वारशाने मिळणारे प्रवेश बंद व्हावेत, हे माझंही म्हणणं आहे. पण गोऱ्यांच्या सवलतीची भरपाई आमच्या मुलांनी का करायची?

नागपूरकर: एक खुलासा, कारण इथे बरेच जण याला आपल्यासारखं आरक्षण समजतात. तसं ते नव्हतं. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या मेडिकल कॉलेजात १०० पैकी १६ जागा राखीव होत्या, त्या कोर्टाने १९७८ लाच रद्द केल्या. पुढे वंश हा अनेक मुद्द्यांपैकी एक, एवढंच उरलं. मी स्वतः राखीव जागेवर शिकलो. माझा नंबर यादीत उघड छापलेला होता, कुणाच्या मर्जीवर नव्हता. तिकडे रकाने बंद दाराआड भरायचे, म्हणून आशियाई आणि कृष्णवर्णीय, दोन्हीकडची पोरं संशयाने पोळली. टेक्साससारखं करा, प्रत्येक शाळेतली वरची मुलं थेट सरकारी विद्यापीठात.

बॉस्टनकर: टेक्सासची युक्ती चालते ती वस्त्या आणि शाळा वंशावर विभागलेल्या आहेत म्हणून. आणि हार्वर्डला देशभरातून, जगभरातून अर्ज येतात, तिथे प्रत्येक शाळेचा पहिला नंबर घ्यायचा म्हटलं तरी जागा पुरणार नाहीत.