मदत हवी आहे: जॅझ बेसची घरघर, जी (G) तारेवरचा मुका सूर आणि न जमणारा 'ठुप्प'

चौतारी

नमस्कार मंडळी,

मी हौशी बेस गिटारवाला, बँडबिंड नाही. रेकॉर्ड लावायची आणि सोबत वाजवत बसायचं, एवढाच कारभार. बेस चार तारांचा, फेंडरच्या जॅझ बेसच्या धाटणीचा, पॅसिव्ह (आत बॅटरी नाही). म्हणजे दोन सिंगल कॉइल पिकअप (तारांचा कंप विजेत बदलणारे, एकेका वेटोळ्याचे), दोन व्हॉल्यूम, एक टोन. सेकंडहँड घेतलाय, त्यामुळे आधीच्या मालकाने आत काय काय उद्योग करून ठेवलेत ते देव जाणे.

पहिली तक्रार घरघरीची. दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडे असले की अगदी शांत. ब्रिजकडच्या (तारा खालच्या टोकाला जिथे अडकवतात तिकडच्या) पिकअपचा व्हॉल्यूम जरा खाली आणला की घूंऽऽ सुरू. तारांवर हात ठेवला की बरीच कमी होते, पण पूर्ण जात नाही.

दुसरी, जी तारेवरचा सहावा फ्रेट (मानेवरची धातूची आडवी पट्टी), सी शार्प. सूर लागतो चांगला, पण लगेच विझतो. आठव्या फ्रेटवरचा सूर चहूकडे घुमत राहतो आणि हा मात्र दोन ठोक्यांतच गळून पडतो. तार कुठे घासल्याचा आवाज नाही.

तिसरी म्हणजे खरं दुखणं. मला साठच्या दशकातल्या सोल रेकॉर्डवर असतो तसा गोल, आखूड 'ठुप्प' हवा आहे. येतो 'टँग'. तारा राउंडवाउंड (गोल वेटोळ्यांच्या, खरखरीत), नुकत्याच बदललेल्या.

डोक्यात असं आहे: नवे पिकअप, नऊ व्होल्टवर चालणारा प्रीअँप (बेसच्या आतच आवाज वाढवणारं सर्किट) आणि जड ब्रिज (त्याने सूर टिकतो असं सगळीकडे वाचलं). सोल्डरिंग बेताचं येतं, केबल जोडता येते. मल्टिमीटर आहे. आधी कशाला हात घालू? जाणकारांनी प्रकाश टाकावा. आगाऊ धन्यवाद.

सोल्डरबहाद्दर

थांबा, एवढ्यात काहीही मागवू नका.

घरघर ही जॅझ बेसची जन्मखोड आहे. दोन पिकअपपैकी एकाच्या कॉइलची तार उलटी गुंडाळलेली असते आणि चुंबकही उलटे असतात. दोन्ही सारखे उघडे असले की तारांचा आवाज एकमेकांत मिळतो आणि बाहेरून आलेली घरघर एकमेकींना मारते. एक खाली केलात की हा हिशेब बिघडला. फेंडरच्याच प्रिसिजन बेसला हा त्रास का नाही? तर १९५१ च्या पहिल्या मॉडेलला साधी एक कॉइल होती, पण १९५७ मध्ये ती दोन तुकड्यांत विभागली गेली, आणि ते दोन तुकडे हेच काम एकाच पिकअपमध्ये करतात.

हात लावल्यावर घरघर कमी होते ही चांगली खूण. म्हणजे ब्रिजला जोडलेली ग्राउंडची वायर शाबूत आहे. (उलट वाढली असती तर जॅकवरच्या दोन वायरी उलटसुलट झाल्यात का, हे आधी बघायला सांगितलं असतं.) हात ठेवूनही जे उरतं त्यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. एक बारीक, चरचरणारी. ती डिमर, चार्जर, ट्यूबलाइट यांच्याकडून येते, शिल्डिंगने, म्हणजे आतून ग्राउंडला जोडलेलं धातूचं अस्तर लावून, आटोक्यात येते. दुसरी खालच्या सुरातली घूं. ती ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्रातून येते आणि तिच्यावर तांब्याच्या पट्टीचा काडीचाही परिणाम होत नाही.

कोणती किती आहे ते असं ओळखा. एकच पिकअप उघडा, तारांवर तळवा ठेवा, अँपकडे तोंड करून बसा आणि खुर्चीसकट हळूहळू नव्वद अंश वळा. वळताना आवाज वर-खाली झाला, एखाद्या कोनात जवळजवळ गायब झाला, तर तेवढा भाग चुंबकीय. अँपपासून हातभर लांब सरका, तेवढ्यानेही फरक पडेल. जो कुठेही वळलात तरी हलत नाही तो शिल्डिंगचा.

मग कंट्रोल प्लेट उघडा आणि आत काय दिसतं ते कळवा. केबल काढून. आणि बेस हवा तेवढा उसकटा, पण अँपच्या पोटात हात घालू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा व्होल्टेज राहू शकतो.

फ्रेटलेस फकीर

सहाव्या फ्रेटचं मी सांगतो. जी तारेवर पाचवा ते सातवा फ्रेट हा बोल्ट-ऑन (बोल्टने जोडलेल्या) मानेच्या बेसचा बदनाम इलाकाच आहे. मान स्वतःही कंप पावते. तिची एक लाडकी फ्रिक्वेन्सी असते. तारेचा सूर नेमका तिथे पडला की तारेची शक्ती मान खाऊन टाकते. तुमचा सी शार्प सुमारे १३८.६ हर्ट्झचा.

खात्री करायची तर हेडस्टॉकचं (मानेच्या खुंट्यांच्या भागाचं) टोक कपाटाच्या कडेला टेकवा, थोडा दाब द्या आणि तोच सूर वाजवा. लांबला, तर दोष मानेचा. दुसरी चाचणी: हेडस्टॉकला छोटा सी-क्लँप लावा, मध्ये कापडाची घडी घालून. वजन वाढलं की मानेची फ्रिक्वेन्सी खाली येते आणि मुका सूर एखाद्या फ्रेटने खाली सरकतो. म्हणजे जातो असं नाही, जिथे तुम्हाला कमी नडतो तिथे जाऊन बसतो.

आता ब्रिज. गळती मानेत आहे, तुम्ही पैसे शेपटीवर घालताय. ट्रस रॉड (मानेतली, तिचा बाक कमी-जास्त करणारी सळी) पिळूनही हे जात नाही. तोच सूर डी तारेच्या अकराव्या फ्रेटवर आहे, ए तारेच्या सोळाव्यावरही आहे. लांबवायचा असेल तेव्हा तिकडे जा. मी वर्षानुवर्षं तेच करतो आणि ऐकणाऱ्याला कधी पत्ता लागलेला नाही.

अवांतर: बेस फ्रेटलेस (बिनफ्रेटचा) करायची लहर आली तर धागा काढा, मी आहेच. नामांकित बेसवादक जॅको पास्टोरियसने जॅझ बेसच्या फिंगरबोर्डवर इपॉक्सीचा थर दिला होता, म्हणून राउंडवाउंड तारांनी लाकूड खाल्लं नाही. ते न करता नुसते फ्रेट उपटू नका.

चौतारी

दोघांचेही आभार. सगळं करून पाहिलं.

कपाटाला टेकवल्यावर सी शार्प चक्क गायला लागला. ब्रिज यादीतून बाद.

वळून बघितलं तर थोडी घूं खरोखर कमी-जास्त होते, पण मोठा वाटा चरचरीचा आहे आणि तो हलत नाही. प्लेट उघडली तर गंमत. कंट्रोलच्या खोबणीत आणि दोन्ही पिकअपखाली तांब्याची पट्टी आधीच लावलेली आहे, अगदी नीटनेटकी, कोपरे दुमडून! ब्रिज ते जॅकची बाही (ग्राउंडचा भाग), मल्टिमीटर टुंईं वाजतो. तांबं ते जॅकची बाही, काही नाही. पट्टीच्या एका तुकड्यावरून दुसऱ्यावर मध्येच वाजतो, मध्येच नाही. म्हणजे ती कशालाच जोडलेली नाही का?

सोल्डरबहाद्दर

सापडला चोर. ग्राउंडला न जोडलेली पट्टी नुसती शोभेची. तुकड्या-तुकड्यांत संपर्क नाही याचा अर्थ पट्टीचा गोंद वीजवाहक नाही. प्रत्येक सांध्यावर सोल्डरचा एकेक ठिपका द्या. तांबं सोल्डर छान धरतं (ॲल्युमिनियमची पट्टी असती तर धरलं नसतं). ठिपके देऊन झाले की मल्टिमीटरची एक पिन एका कोपऱ्यात ठेवून दुसरी सगळीकडे फिरवा.

कंट्रोलच्या खोबणीला बहुधा वायरही लागणार नाही. तुमची प्लेट धातूची असेल, तर पॉट (व्हॉल्यूम-टोनच्या बटणांखालचे भाग) आणि जॅक तिच्यावरच आवळलेले असतात, म्हणजे ती आधीच ग्राउंडला आहे. पट्टीचा एक तुकडा खोबणीच्या काठावरून वर आणून स्क्रूच्या भोकापर्यंत दुमडा. प्लेट वरून आवळली की जोडणी झाली. मात्र तो तुकडा गोंदाच्या बाजूने नाही, तांब्याच्या बाजूने प्लेटला लागला पाहिजे.

पिकअपखालच्या खोबण्यांना प्रत्येकी एक वायर काढून पॉटच्या पाठीवर सोल्डर करा. पाठ आधी पॉलिश पेपरने घासा, सोल्डरिंगची इस्त्री चांगली तापू द्या आणि पटकन काम उरका. रेंगाळलात तर पॉट आतून भाजतो. शेवटी जॅकचा टोकाला लागणारा पत्रा केबल आत घातल्यावर वाकून तांब्याला टेकत नाही ना ते बघा. टेकला तर आवाजच बंद. तिथे इन्सुलेशन टेप लावा.

उरलेली चुंबकीय घूं खुपत असेल तरच पिकअपचा विचार. त्याच आकाराच्या कव्हरात दोन कॉइलवाले, घरघर मारणारे पिकअप मिळतात.

मंद्रसप्तक

उशिरा आलो, पण सगळ्यांनी तिसऱ्या तक्रारीला बगल दिलेली दिसते आणि गाठ तर तिथेच आहे. 'ठुप्प' हवा म्हणून तुम्ही ब्रिजकडचा पिकअप खाली आणता, बरोबर? म्हणून घरघर. सूर आखूड हवा म्हणता आणि एक सूर आपणहून आखूड झाला तर तक्रार करता! (हलकेच घ्या.)

ज्या आवाजामागे तुम्ही आहात त्याचा बाप मोटाउनचा बेसवादक जेम्स जेमर्सन. प्रिसिजन बेस, जाड फ्लॅटवाउंड (सपाट वेटोळ्यांच्या, गुळगुळीत) तारा, त्या तुटेपर्यंत बदलायच्या नाहीत, ब्रिजच्या कव्हरखाली फोम आणि उजव्या हाताची एकटी तर्जनी. प्रीअँप नाही, बॅटरी नाही. नव्या राउंडवाउंडवर तो आवाज शोधणं व्यर्थ आहे.

तर क्रम असा ठेवा. आज, फुकटात: ब्रिजकडचा पिकअप बंद, टोन जवळजवळ पूर्ण बंद, हात मानेच्या टोकाशी आणून वाजवा. नखाजवळच्या भागाने नाही, बोटाच्या मऊ पेराने. ब्रिजला लागून तारांखाली फोमचा तुकडा सरकवा. फोममुळे सगळेच सूर लवकर विझतात, त्यामुळे तुमचा सी शार्प घोळक्यात मिसळून जाईल. कुठला मुका ते मग शोधावं लागेल.

हे आवडलं तरच फ्लॅटवाउंड घ्या. त्यांचा ताण बहुतेकदा जास्त असतो, मान थोडी पुढे वाकेल. पहिला फ्रेट कॅपोने (तारा दाबून धरणाऱ्या चिमट्याने) आणि शेवटचा बोटाने दाबून सातव्या-आठव्या फ्रेटशी तार आणि फ्रेटमधली फट बघा. ०.३ मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल इतकी, ठीक. जास्त असेल तर ट्रस रॉड घड्याळाच्या दिशेने, एका वेळी पाव फेरा, आणि पुन्हा सूर लावून मगच परत मोजा. अडला तर जोर करू नका. त्यानंतर इंटोनेशन (मानेवर सगळीकडे सूर बरोबर लागणं): बाराव्या फ्रेटचा हार्मोनिक (तार न दाबता नुसती स्पर्शून काढलेला सूर) आणि तिथेच दाबून वाजवलेला सूर ट्यूनरवर जुळले पाहिजेत. दाबलेला चढा लागला तर सॅडल (ब्रिजवर तार टेकते तो तुकडा) मागे, उतरा लागला तर पुढे.

फ्रेटलेस फकीर

बाकी सगळ्याला +१, फक्त प्रीअँपला इतकं धुतकारू नका. लांब केबल, दोन-तीन पेडल, स्लॅप, असा मामला असेल तर तो उपयोगाचा आहे. यांच्या कामाचा नाही, हे मान्य. आणि कधी बसवलाच तर वाजवून झाल्यावर केबल काढून ठेवा. ॲक्टिव्ह बेसमध्ये केबल आत असली की बॅटरी चालू राहते.

चौतारी

मंद्रसप्तक, पकडलंत मला. फोम म्हणून भांडी घासायचा स्पंज कापून लावला, हिरवा खरखरीत थर काढून. आवाज ऐकून मीच चाट पडलो. पिकअप, प्रीअँप, ब्रिज तिन्हींची खरेदी रद्द. सांधे सोल्डर झाले, प्लेटही आवळली. चरचर गेली, थोडी घूं आहे, अँपपासून लांब बसलो की चालून जातं.

एकच अडचण उरली. ई तार आता फारच मेल्यासारखी वाजते, सूर कळतच नाही. जी मात्र मोकळीच आहे. फोम कमी करू का?

मंद्रसप्तक

जाडी कमी करू नका, उतार द्या. जाड तार खाली लोंबते, त्यामुळे सपाट तुकडा ई तारेला जास्त दाबतो आणि जी तारेला नुसता चाटून जातो. ब्लेडने ई तारेच्या बाजूने तिरपा तासा. तार जेमतेम टेकली पाहिजे, फोममध्ये रुतता कामा नये. आणि तुकडा सॅडलला अगदी चिकटवून ठेवा. मानेकडे सरकला की ई तारच आधी मरते.